सहाव्या हिश्श्याची नऊवारी: घरगुती कापडछपाईचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधील एका निवृत्त चित्रकला शिक्षकांचे आहे. पुढे त्यांना 'सर', शिवणकाम करणाऱ्या त्यांच्या पत्नीला 'वहिनी' आणि ज्यांच्यासाठी काम झाले त्या ठाण्याच्या गृहस्थांना 'संग्राहक' असे म्हटले आहे. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. कापड, शाई आणि चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. कामाच्या उत्तरार्धात घेतलेल्या चाचण्यांना मी स्वतः हजर होतो.

सरांचा छंद १:६ प्रमाणाच्या, म्हणजे साधारण फूटभर उंचीच्या ॲक्शन फिगरना कापडी पोशाख करण्याचा आहे. या प्रमाणाला कापडाची परंपरा आहे. १९६४ साली हॅसब्रोने जी. आय. जो हा बारा इंची शिपाई बाजारात आणला, तेव्हा मुलगे 'बाहुली' या शब्दाला बिचकतील म्हणून 'ॲक्शन फिगर' असे नाव पुढे केले गेले. पण त्याचे कपडे बाहुलीच्या कपड्यांप्रमाणेच शिवलेले आणि काढता-घालता येणारे होते. १९८२ मध्ये तोच जो पावणेचार इंचांचा झाला आणि त्याचा गणवेश प्लास्टिकच्या साच्यातच ओतला जाऊ लागला. फूटभराच्या फिगरने कापड सोडले नाही, आणि म्हणूनच आजही घरी पोशाख करणाऱ्यांचा ओढा बहुतेक याच प्रमाणाकडे असतो.

संग्राहकांना पेशवाईच्या काळातील एक सरदार आणि त्याची पत्नी अशी जोडी काचेच्या कपाटात उभी करायची होती. सरदाराला हिमरूच्या वेलबुट्टीचा अंगरखा, सुरवार, शेला आणि पगडी हवी होती, तर पत्नीला जांभळी पैठणी नऊवारी हवी होती. सरदाराची बॉडी कडक प्लास्टिकची, पण डोके आणि हात मऊ पीव्हीसीचे होते. स्त्रीची बॉडी आतून धातूचा सांगाडा आणि वरून टीपीईची (रबरासारख्या मऊ प्लास्टिकची) अखंड त्वचा असलेली, सांधे न दिसणारी होती. तिची किंमत ठरलेल्या शिवणावळीच्या दुपटीहून जास्त होती. दोन्ही पोशाख गुढीपाडव्याच्या आत हवे होते. व्यवहार फोनवर ठरला. लेखी काहीच नव्हते.

अडचण: विणलेले कापड लहान होत नाही

बाजारातले हिमरू किंवा पैठणी कापून बाहुलीला नेसवता येत नाही, कारण नक्षी सहापट मोठी दिसते. म्हणून नक्षी लहान करून छापावी लागते, आणि तिथून खऱ्या अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण जाडीची होती. पाव मिलिमीटर जाडीचे साधे पॉपलिन १:६ च्या फिगरवर दीड मिलिमीटर जाडीच्या कापडासारखे वागते; अंगरख्याचा घेर सतरंजीसारखा ताठ उभा राहतो. म्हणून सुती कापड घ्यायचे तर मलमलच घ्यावी लागते.

दुसरी अडचण लांबीची होती. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर, आणि त्याचा सहावा हिस्सा १.३७ मीटर. रुंदी एकोणीस-वीस सेंटीमीटर भरते, ती ए-फोरच्या एकवीस सेंटीमीटरांत बसते. लांबी मात्र ए-फोरच्या जवळजवळ पाच पाने होते. सरांच्या प्रिंटरमध्ये १२०० मिलिमीटरपर्यंतची लांबी नोंदवता येत होती, तेव्हा त्यांना जवळजवळ सगळी साडी एका सलग पट्ट्यात छापण्याचा मोह झाला होता. तो वहिनींनी मोडला. शाळेच्या गॅदरिंगला मुलींना नेसवतात तशी शिवलेली नऊवारी करावी, म्हणजे काष्टा, निऱ्या आणि पदर असे दिसणारे भाग वेगवेगळे छापून जोडावेत आणि कमरेत दडणारे थर गाळून टाकावेत, असे त्यांनी सुचवले. त्यामुळे कापड निम्म्यावर आले आणि बाहुलीची कंबरही कंबर राहिली. या साऱ्या कामात सर्वांत कमी चर्चेने घेतलेला आणि सर्वांत योग्य ठरलेला निर्णय हाच होता.

तिसरी अडचण मी जवळून पाहिली. वहिनींच्या स्वतःच्या येवल्याच्या पैठणीचा काठ सरांनी ६०० डीपीआयवर स्कॅन केला आणि सहावा हिस्सा करून छापला. पडद्यावर तो देखणा दिसला, पण कापडावर बुट्ट्यांच्या जागी तपकिरी ठिपके उमटले. भिंगाखाली कारण समजले. मलमलीच्या त्या तुकड्यात सेंटीमीटरला सुमारे तीस धागे होते. खऱ्या साडीवरची २.४ सेंटीमीटरची बुट्टी सहाव्या हिश्श्यात चार मिलिमीटरची होते, आणि चार मिलिमीटरांत धागे बाराच बसतात. प्रिंटर कितीही बारीक थेंब टाको, चित्र अखेर त्या बारा धाग्यांवरच उमटणार होते. तेव्हा सरांनी स्कॅन बाजूला ठेवून आलेखाच्या वहीवर बारा घरे आडवी, बारा उभी आखली आणि ठिपक्यांच्या रांगोळीसारखे रुईचे फूल नव्याने मांडले. चार पाकळ्या, मध्ये एक रिकामे घर, बाकी काही नाही. हातभर अंतरावरून ते फूल स्कॅन केलेल्या फुलापेक्षा जास्त पैठणीचे दिसत होते. नारळी काठाचेही असेच पुन्हा रेखाटन झाले.

जरीचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. चार रंगांच्या शाईतून धातूची चमक येत नाही. म्हणून काठ मोहरीच्या रंगात, कडेला बारीक तपकिरी सावली देऊन छापायचा आणि फक्त टोकाला खऱ्या जरीचा एकच धागा टाक्यांनी बसवायचा, असे ठरले. डोळा त्या एका धाग्याची चमक सगळ्या काठाला देऊन टाकतो.

विचारात घेतलेले पर्याय

सरांपुढे चार मार्ग होते. हीट ट्रान्सफर पेपरने नक्षी चिकटवण्याचा मार्ग त्यांनी एका तुकड्यावरच सोडला, कारण कापडावर प्लास्टिकचा पापुद्रा बसतो आणि निऱ्या पडण्याऐवजी घडीला भेगा जातात.

दुसरा मार्ग बाहेरून डिजिटल छपाई करून घेण्याचा होता. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंगांनी छापून, वाफ देऊन आणि धुऊन मिळणारे काम सर्वांत पक्के असते, कारण तो रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो. पण छापणाऱ्यांची किमान मागणी मीटरांत असते आणि सरांना एकेका हातरुमालाएवढ्या तुकड्याचे पाच-सहा वेळा रंग तपासायचे होते. म्हणून हाही मार्ग मागे पडला.

तिसरा मार्ग त्यांच्याकडे आधीच असलेल्या, चारही रंग पिगमेंट शाईचे (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांचे) असलेल्या प्रिंटरने थेट मलमलीवर छापण्याचा होता. परदेशात यासाठी फ्रीझर पेपर वापरतात. आपल्याकडे तो सहज मिळत नाही आणि बटर पेपर त्याच्या जागी चालत नाही, कारण त्याला इस्त्रीने चिकटणारा प्लास्टिकचा लेप नसतो. सरांनी ए-फोर आकाराची अखंड स्टिकर शीट वापरली. खळ काढून धुतलेली आणि इस्त्री केलेली मलमल त्या शीटवर चिकटवायची, धारदार ब्लेडने कडा कापायच्या आणि शीट मागच्या ट्रेमधून सरळ आत सोडायची. पहिल्या चार शीट उत्तम निघाल्या. पाचवीला कडेचा एक धागा सुटला, छपाईच्या डोक्याला अडकला आणि कापडभर काळी रेघ ओढत गेला. डोके साफ करण्यात दोन दिवस आणि बरीच शाई गेली. आत जाणाऱ्या कडेवर सेलोटेपची पट्टी दुमडून लावली असती तर हे टळले असते, हे नंतर कळले. पण दुधाने तोंड भाजल्यावर सर ताकही फुंकू लागले होते, आणि त्यांचे लक्ष चौथ्या मार्गाकडे वळले.

तो मार्ग सब्लिमेशनचा होता. त्यात कापड प्रिंटरमध्ये घालावेच लागत नाही. कागदावर उलटी प्रतिमा छापायची, ती पॉलिस्टरच्या पांढऱ्या कापडावर (सरांनी सॅटिन घेतले) ठेवायची आणि हीट प्रेसखाली दाबायची. १९०-२०० अंश सेल्सिअसला शाईतील रंगाची वाफ होऊन तो धाग्यात शिरतो. सरांनी पिझो डोक्याचा, म्हणजे उष्णतेशिवाय थेंब टाकणारा, एक लहान प्रिंटर केवळ या शाईसाठी घेतला, कारण उष्णतेने थेंब उडवणाऱ्या डोक्यांना ही शाई चालत नाही. हीट प्रेससाठी ते मग आणि टी-शर्ट छापणाऱ्या ओळखीच्या दुकानात जात. कागदावर मळकट दिसणारा जांभळा रंग सॅटिनवर असा काही खुलला की दुकानातली गिऱ्हाइकेही मान वळवून पाहू लागली.

पहिला निर्णय आणि त्यामागची चाचणी

सॅटिनचा निर्णय घाईने घेतला, असे म्हणता येणार नाही. सरांनी छापलेला तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासला, तरी रुमाल स्वच्छ राहिला. साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवला, पाण्याला रंग आला नाही. मलमलीवरची पिगमेंट शाई याच परीक्षेत कोरडी घासतानाही किंचित काळी पावडर सोडत होती. दोन तुकडे शेजारी ठेवून कोणालाही विचारले असते, तरी पक्का रंग कोणता याचे उत्तर सॅटिन हेच आले असते.

येथेच या प्रकरणाची मेख आहे. सब्लिमेशनचे रंग डिस्पर्स जातीचे असतात आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. त्यामुळे पाण्याच्या परीक्षेत ते उत्तीर्ण होणारच होते. मात्र मऊ पीव्हीसीतील प्लास्टिसायझर (मऊपणासाठी मिसळलेला पदार्थ) आणि टीपीईतील तेल यांत ते सहज शिरतात. सरांनी विचारलेले सगळे प्रश्न कापडाचे होते. कापडाखाली काय आहे, ते मऊ कशामुळे आहे आणि ठाण्याच्या उन्हाळ्यात काचेच्या बंद कपाटात त्याचे काय होईल, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. मीही नाही, मार्चमध्ये मी ती साडी पाहिली आणि फक्त वाहवा केली.

काय घडले

पाडव्याच्या चार दिवस आधी पोशाख पोचले. संग्राहकांनी निऱ्या बसाव्यात म्हणून कापडावर पाण्याचा हलका फवारा मारला, टाचण्यांनी घड्या धरून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी टाचण्या काढल्या. ही या छंदातली नेहमीची पद्धत आहे, आणि कापडाने ती निमूट सोसली. फोटो आले, कौतुक झाले, राहिलेले पैसेही आले.

मेच्या अखेरीस छायाचित्रणासाठी साडी बदलताना त्यांना बाहुलीच्या छातीवर, डाव्या खांद्यावर आणि काष्टा घट्ट बसलेल्या मांड्यांच्या आतल्या बाजूला जांभळे पट्टे दिसले. सरदाराच्या मानेवर, जेथे अंगरख्याचा गळा टेकत होता, तेथे तांबूस कडे उमटले होते. "सर, कपडा उत्तमच आहे हो, पण तिला मारहाण झाल्यासारखी दिसते आहे," असे ते फोनवर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि सरांना तेच जास्त लागले.

सरांची पहिली प्रतिक्रिया बचावाची होती: गडद कपडे मऊ बॉडीवर फार काळ ठेवू नयेत, हे संग्राहकांना ठाऊक असायला हवे. हे म्हणणे अगदीच चूक नाही. या छंदात मुरलेली माणसे गडद कपड्यांखाली पातळ पांढरे अस्तर घालतातच. पण पोशाख करणाऱ्याने ते सांगितले नव्हते, आणि अस्तर लावण्याची जागाही त्याच्याच हातात होती. वहिनींनी एवढेच विचारले, की आपण ब्लाउजला अस्तर न लावता कधी दिले आहे का. त्यानंतर बचावाचा सूर संपला.

गंमत अशी की कारण सांगणारा माणूस हीट प्रेसच्या दुकानातच निघाला. सरांनी डागाचा फोटो दाखवताच दुकानदार म्हणाला, "लाल पॉलिस्टरवर पांढरा प्लास्टिसोल छापला की आठ दिवसांत गुलाबी पडतो, तसंच झालंय हे." प्लास्टिसोल म्हणजे मऊ पीव्हीसीचीच छपाईची शाई; त्याच्या धंद्यातली ती रोजची डोकेदुखी होती. सर तीन महिने त्याच्या दुकानात जात होते, पण बोलणे तापमान आणि सेकंद यांच्यापलीकडे गेले नव्हते.

दुसरी फेरी: चाचण्या आणि कृती

यावेळी चाचणी बॉडीवर घ्यायची ठरले. सरदाराबरोबर जादा हातांच्या तीन जोड्या आल्या होत्या. संग्राहकांनी त्यातला एक पंजा पाठवून दिला. त्याच्या निरनिराळ्या भागांवर सब्लिमेशनचे सॅटिन, पिगमेंट छापलेली मलमल आणि पांढऱ्या अस्तरावर तीच मलमल अशा तीन पट्ट्या दोऱ्याने घट्ट गुंडाळल्या, पंजा स्टीलच्या डब्यात ठेवला आणि डबा आठवडाभर गच्चीत उन्हात ठेवला. सॅटिनखालचा भाग दुसऱ्याच दिवशी जांभळा झाला होता. मलमलीखाली सातव्या दिवशी घासून आलेली पुसट छटा होती, ती ओल्या कापडाने पुसली गेली. अस्तराखाली काहीच नव्हते.

टीपीईसाठी सुटा भाग नव्हता. संग्राहकांच्या परवानगीने अस्तर लावलेली मलमलीची पट्टी स्त्रीच्या डाव्या तळपायाला बांधून ठेवली. चप्पल घातल्यावर तळपाय दिसत नाही, हा त्यामागचा हिशेब होता. दहा दिवसांनी तो स्वच्छ निघाला.

मग पोशाख पुन्हा केले. मलमल सेलोटेपची कड लावून छापली, कापड ठेवून तीन-तीन मिनिटे कोरडी इस्त्री केली, एक दिवस तशीच ठेवली आणि सैल शाई निघून जावी म्हणून एकदा थंड पाण्यात धुतली. जांभळा रंग पहिल्यांदा राखाडीकडे झुकला, म्हणून सरांनी चोवीस चौकोनांचा नमुना छापून त्यातला जवळचा चौकोन निवडला. कापायच्या रेषा नक्षीबरोबरच छापल्या होत्या, त्यामुळे अंगरख्याच्या दोन्ही पाखांवरची वेल छातीवर बरोबर जुळली. घरच्या छपाईचा हा फायदा विकतच्या कापडात मिळत नाही. शिवण नऊ नंबरच्या सुईने, तीन मिलिमीटर माया ठेवून झाली, आणि कडा पातळ केलेल्या फेविकॉलने आवरल्या. अस्तर पांढऱ्या मलमलीचेच, पण फक्त अंगाला टेकणाऱ्या भागात लावले. सगळीकडे लावले असते तर जाडीचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. पदराची मागची बाजू पांढरी दिसू नये म्हणून दोन छापील पदर पाठीला पाठ लावून जोडले, आणि पदर थोडा जड झाला तरी तो चालवून घेतला.

डागांवर बेंझॉईल पेरॉक्साइड जेल वापरले. मुरुमांसाठी केमिस्टकडे मिळणारे हे जेल व्हिनाइलच्या डागावर लावून उन्हात ठेवण्याची युक्ती बाहुल्या दुरुस्त करणारे लोक वापरतात. सरदाराच्या मानेवर चार वेळा लावल्यावर कडे गेले, मात्र तेवढी मान बाकीच्या चेहऱ्यापेक्षा किंचित फिकी झाली. स्त्रीच्या मांडीच्या आतल्या बाजूला घेतलेल्या चाचणीत डाग निम्माच उतरला आणि त्वचा खरखरीत वाटू लागली. छातीवर प्रयोग करायचा नाही, असे संग्राहकांनी ठरवले.

निष्पत्ती

दुसरा संच ऑगस्टमध्ये गेला. सरांनी दुसऱ्या खेपेची शिवणावळ घेतली नाही आणि पहिल्या खेपेतील निम्मी परत केली. बॉडीची भरपाई संग्राहकांनी मागितली नाही. माझ्या मते ही तडजोड सरांच्या बाजूला थोडी झुकलेली आहे, पण ती दोघांनी मिळून केली आणि बोलणे तुटले नाही. रंगाबाबत मात्र मतभेद राहिला. संग्राहकांना नवी साडी फिकी वाटते. सरांना ती पेटीतून काढलेल्या जुन्या रेशमासारखी वाटते. मला दोन्ही पटते. वर्षभराने साडी सोडून पाहिली, तेव्हा जुने पट्टे होते तेवढेच होते, नवा एकही नव्हता.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी जानेवारीतच पंजा मागवता आला असता. जादा हात बहुतेक फिगरबरोबर येतात आणि पिशवीतच पडून राहतात. त्यासाठी खर्च शून्य होता आणि दोन दिवसांत उत्तर मिळाले असते.

छपाईचे डोके अडकले तेव्हा सरांनी पद्धत बदलली, पण बदलायला हवी होती ती कड. वैतागाच्या दिवशी घेतलेला हा निर्णय पुढे 'रंग खुलतो' या कारणाखाली झाकला गेला, असे मला वाटते. सर हे मान्य करत नाहीत.

सब्लिमेशन मुळातच वाईट आहे, असाही निष्कर्ष या प्रकरणातून काढता येणार नाही. कडक प्लास्टिकच्या बॉडीवर, सैल शेल्यासाठी किंवा पगडीच्या वरच्या पट्ट्यासाठी ते आजही सरांची पहिली पसंती आहे. आता मात्र ऑर्डर घेताना ते बॉडी कोणत्या पदार्थाची आहे ते विचारून वहीत लिहितात, आणि पोशाखाबरोबर एक चिठ्ठी जाते: अस्तर काढू नये, प्रदर्शन नसताना कपडे उतरवून ठेवावेत, कपाटावर थेट ऊन येऊ देऊ नये.

सॅटिनचा पहिला संच संग्राहकांनी परत पाठवला होता. त्या दिवाळीत नातवंडांनी अंगणात किल्ला केला, तेव्हा वहिनींनी हिमरूचा अंगरखा उसवून मातीच्या मावळ्यांसाठी त्याचा शामियाना उभारला.